परसबागेचे गणित : महाबळेश्वर ते तासगाव

पाठ्यपुस्तकातला वसंत कोकिळेचा आणि आंब्याच्या मोहोराचा असतो. सातारा-सांगली भागात ज्यांच्या घरामागे परडे आहे, त्यांना मात्र माघ-फाल्गुनाची ओळख एका अडचणीने पटते. हरभरा निघालेला असतो, मेथी-कोथिंबीर फुलावर गेलेली असते, वांग्याची झाडे थकलेली असतात आणि विहिरीचे पाणी खाली जात असते. भेंडी, गवार, दोडका लावायचा तर आताच लावायला हवा. उशीर झाला तर कोवळी रोपे चैत्राच्या उन्हात सापडतात. पण वाफे करायचे किती?

प्रश्न साधा वाटतो. त्याचे उत्तर शोधण्याच्या पद्धतीला मात्र इतिहास आहे, आणि त्यातली दोन प्रकरणे याच दोन जिल्ह्यांत घडली.

पहिले प्रकरण महाबळेश्वरचे. मुंबईचे गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या पुढाकाराने १८२८-२९ मध्ये येथे थंड हवेचे ठिकाण वसले. त्यासाठीची जागा साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून १८२९ च्या करारान्वये इंग्रजांनी घेतली. उन्हाळ्याच्या सुरुवातीला साहेब मंडळी घाट चढून येत आणि त्यांना आपल्या देशातल्या भाज्या हव्या असत. त्या पिकवल्या कोणी? मुख्यतः कैद्यांनी, आणि तेही चिनी आणि मलायी कैद्यांनी. पूर्वेकडील इंग्रज वसाहतींत शिक्षा झालेल्या या माणसांना समुद्रपार पाठवून येथील तुरुंगात ठेवले होते. हा तुरुंग १८६४ मध्ये बंद झाला. तोवर या कैद्यांनी येथे बटाटा आणि इतर विलायती भाज्यांचे मळे फुलवले होते. महाबळेश्वरच्या बटाट्याचे नाव झाले त्यात त्यांचा वाटा मोठा होता.

जरा नकाशा डोळ्यांसमोर आणा. बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. त्याचे नाव आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आले. त्याला महाबळेश्वरी रुजवणारे हात आले पूर्वेकडून. आणि तो रुजला तो येथील रात्रींमुळे. बटाट्याची जमिनीखालची गाठ पोसायला थंड रात्र लागते. १५ ते २० अंश सेल्सिअस तापमान तिला मानवते. रात्री उबदार झाल्या की झाड पाला वाढवत राहते आणि गाठी धरेनाशा होतात. म्हणून खाली कराड-वाळव्याच्या बाजूला बटाटा थंडीत घ्यावा लागतो, तर सुमारे १,३७० मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरला अधिक मोकळीक मिळते.

या माळ्यांनी कोणते बेणे कधी लावले, कोणत्या उतारावर काय जगले, हे त्यांना नक्कीच ठाऊक असणार. त्याशिवाय मळे उभे राहत नाहीत. पण त्यांच्या हातची नोंद आपल्यापर्यंत पोहोचलेली नाही. गॅझेटियरसारख्या सरकारी ग्रंथांत ते ‘चिनी कैदी’ एवढ्याच नावाने उरले. पीक राहिले, पीक शोधून काढण्याची रीत मात्र हरवली.

आता दुसरे प्रकरण. महाबळेश्वरपासून आग्नेयेला, सरळ रेषेत दीडशे किलोमीटरच्या आत, तासगाव आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाचशे-सहाशे सेंटीमीटर पाऊस पडतो, तर तासगाव भागात त्याच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढा. येथे १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात श्रीपाद अच्युत दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला. दाभोळकर गणिताचे प्राध्यापक. त्याआधी गारगोटीच्या मौनी विद्यापीठात त्यांनी काम केले होते. शेतीची पदवी नसलेल्या या माणसाने द्राक्ष बागायतदारांना एक सवय लावली : आपल्या बागेत प्रयोग करायचा, मोजायचा, लिहून ठेवायचा आणि पत्राने दुसऱ्याला कळवायचा. दुसऱ्याने तो आपल्या मातीत पडताळून पाहायचा.

द्राक्षाला ही सवय फार उपयोगी पडली. चैत्राच्या सुमारास खरड छाटणी झाली की नव्या फुटीच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचे घड आतल्या आत घडू लागतात. त्या दिवसांत पानांवर ऊन नीट पडले तर घड जास्त सुटतात. गर्दी होऊन सावली पडली तर कमी. हे रोज वेलीखाली उभा राहणारा माणूसच बारकाईने पाहू शकतो. याच तालुक्यातल्या बोरगावचे वसंतराव आर्वे यांनी थॉम्पसन सीडलेस या जातीच्या वेलींतून निवड करून ‘तास-ए-गणेश’ हा वाण काढला. नजर, निवड आणि नोंद यांतून काय साधते, याचे ते ठळक उदाहरण आहे.

दाभोळकरांनी पुढे हाच विचार परड्याकडे आणि छोट्या जमिनीकडे वळवला. ‘प्लेंटी फॉर ऑल’ (१९९८) या पुस्तकात त्यांनी तो सविस्तर मांडला. दहा गुंठ्यांत, म्हणजे पाव एकरात, एक कुटुंब समाधानाने जगू शकेल, असे ते सांगत. पान म्हणजे ऊन गोळा करणारे यंत्र, आणि शेती म्हणजे उन्हाची सुगी, ही त्यांची मूळ कल्पना. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाच्या चिपाडावर गच्चीत भाज्या पिकवल्या, त्यामागची प्रेरणाही हीच होती.

दहा गुंठ्यांचा दावा खरा मानावा का? तो वर्गात तपासता येतो. आपल्याकडे मार्चमधल्या निरभ्र दिवशी एका चौरस मीटरवर सुमारे ६ किलोवॅट-तास ऊर्जा पडते. झाडे त्यातली साधारण एक टक्का साठवतात असे धरू. ती होते सुमारे ५२ किलोकॅलरी. एक ग्रॅम कोरड्या वनस्पतिद्रव्यात अंदाजे ४ किलोकॅलरी असतात. म्हणजे दर चौरस मीटरला दिवसाला १३ ग्रॅम. दहा गुंठे म्हणजे सुमारे १,००० चौरस मीटर. तेथे १३ किलो तयार होईल. त्यातला एक तृतीयांश भाग खाण्याजोगा धरला तर चार किलोंहून थोडे अधिक. पाच माणसांना कोरड्या वजनाचे सुमारे ३ किलो अन्न पुरते. गणित जमते!

पण त्यात दोन अटी लपलेल्या आहेत. पहिली, वर्षभर सगळी जमीन हिरव्या पानांनी झाकलेली हवी. दुसरी अट पाण्याची. एक ग्रॅम कोरडे द्रव्य तयार होताना झाडातून तीनशे ते पाचशे ग्रॅम पाणी उडून जाते. १३ ग्रॅमसाठी सुमारे ५ लिटर, म्हणजे दहा गुंठ्यांना उन्हाळ्यात रोज ५,००० लिटर पाणी. तासगाव-आटपाडीकडे ऊन हवे तेवढे आहे. हिशेब अडतो तो पाण्यापाशी.

आता आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर देता येते. घरातल्या अंघोळीचे आणि भाज्या-तांदूळ धुतल्याचे मिळून रोज २०० लिटर पाणी परड्यात सोडता येत असेल, तर ते ४० चौरस मीटर हिरवाईला पुरेल. हे अर्ध्या गुंठ्यापेक्षाही कमी झाले. तेवढेच वाफे फाल्गुनात लावावेत. उरलेली जमीन पालापाचोळ्याने झाकावी. पानगळीचे दिवस असल्याने पाला आयताच मिळतो, आणि त्याखाली मातीतून थेट उडून जाणारे पाणी वाचते. सगळे परडे भाजीने भरून चैत्रात अर्धे वाळवण्यापेक्षा हे बरे. मोरीच्या कडेला केळ आणि अळू लावणारी आपली आजी हाच हिशेब आकडे न मांडता करत होती.

आपले आकडे सरासरीचे आहेत. कडेगावची काळी माती, जावळीची तांबडी माती आणि शाळेच्या भिंतीची सावली यांनी ते बदलतील. म्हणूनच नोंद हवी. केंद्र सरकारने २०१९ मध्ये शाळांतील पोषण-परसबागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. जेथे अशी बाग आहे तेथे एक वही ठेवावी. पाणी किती लिटर घातले, कोणत्या वाफ्यावर पाला होता, भेंडी कोणत्या तारखेला फुलली, तोडा किती ग्रॅम निघाला, हे मुलांनी तिच्यात लिहावे. जवळच्या शाळेशी त्या पानांची देवघेव करावी. आणि प्रत्येक नोंदीखाली ती करणाऱ्या मुलाचे किंवा मुलीचे नाव असावे. महाबळेश्वरच्या माळ्यांच्या वाट्याला तेवढे आले नाही.