व्यसन, अपराध आणि न्यायासन



वकिलीच्या आरंभीच्या वर्षांत एका पक्षकाराच्या वृद्ध आईने मला विचारले होते, "वकीलसाहेब, त्यानं नाही हो केलं, दारूनं केलं. मग शिक्षा त्याला का?" मी कलम 86 सांगून मोकळा झालो. ते उत्तर अपुरे होते, हे फार उशिरा उमगले.

1860 च्या भारतीय दंड संहितेने नशेविषयी मुख्यतः एवढेच विचारले, की प्याला ओठांशी नेला कोणी? नकळत वा बळजबरीने पाजले गेल्यामुळे कृत्य कळेनासे झाले, तर कलम 85 माफी देई. आपखुशीने प्यालेल्याच्या ठायी मात्र कलम 86 शुद्धीतल्या माणसाचे ज्ञान गृहीत धरी. ज्ञान, हेतू नव्हे. पुढचा वाद याच फरकावर झाला.

1956 साली सर्वोच्च न्यायालयाने बासदेव विरुद्ध पेप्सू राज्य या खटल्याचा निकाल दिला. बासदेव सैन्यातला निवृत्त जमादार. परगावच्या लग्नात तो खूप प्याला होता. जेवणाच्या वेळी पंधरा-सोळा वर्षांच्या एका मुलाला त्याने जागेवरून सरकायला सांगितले. मुलगा हलला नाही, तोच याने पिस्तूल काढून त्याच्या पोटात गोळी झाडली. न्यायालयाने पाहिले, की तो मधूनमधून झोकांड्या खात असला, तरी आपल्या पायांनी आला होता, नीट बोलत होता, सोयीची जागा निवडीत होता, गोळीनंतर पळूही पाहत होता. खुनाचा आरोप कायम राहिला. नशा ध्यानी घेऊन फाशी मात्र आधीच टळली होती. पकडल्यावर त्याने क्षमा मागितली होती. मला तोच तपशील छळतो, कारण भान असल्याचा पुरावा म्हणून तो त्याच्याविरुद्ध गेला.

पण ज्याला पहिला प्यालाच नाकारता येत नाही, त्याचे काय? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1962 साली रॉबिन्सन खटल्यात सांगितले, की नुसते व्यसनाधीन असणे हा गुन्हा ठरवता येणार नाही. 1968 साली पॉवेल खटल्यात त्याच न्यायालयाने रस्त्यावर नशेत सापडलेल्या मद्यासक्ताची शिक्षा पाच विरुद्ध चार मतांनी कायम केली. एका मताचे अंतर!

आपल्याकडे 1985 च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या कलम 39 ने अशा पदार्थांचे सेवन केल्याबद्दल दोषी ठरलेल्या व्यसनी माणसाला, त्याच्या संमतीने, उपचारासाठी सोडण्याची मुभा न्यायालयास दिली. दारू त्या कायद्यात येत नाही. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम 23 आणि 24 मध्ये 1860 चीच तरतूद जवळजवळ त्याच शब्दांत उतरली आहे. ती माउली आज पुन्हा भेटली, तर मला तिला कलमाचा नवा आकडा तेवढा सांगता येईल.