युद्धाआधीच दुभंगलेले जग : विसाव्या शतकारंभीचे जर्मन साहित्य

विसाव्या शतकाच्या आरंभीचे जर्मन साहित्य एका देशात मावणारे नव्हते. बर्लिन आणि म्युनिक जर्मन साम्राज्यात होती, व्हिएन्ना आणि प्राग ऑस्ट्रिया-हंगेरीत. या साहित्यातली निराशा पहिल्या महायुद्धातून आली असे सर्रास सांगितले जाते, पण सनावळी पाहिली तर ते पटत नाही. तडा युद्धाच्या आधीच गेला होता.

१९०० साली तत्त्वज्ञ नीत्शे वारला. देव आणि परंपरागत नीती यांवर त्याने केलेला हल्ला तरुण लेखकांच्या हाडीमाशी भिनला होता. स्वप्नांवरचा मनोविश्लेषक फ्रॉइडचा ग्रंथ याच सुमाराचा. पण फ्रॉइडने दिले आणि लेखकांनी घेतले, असा हा एकेरी मामला नव्हता. आर्थर श्निट्झलर स्वतः डॉक्टर होता. 'लेफ्टनंट गुस्टल' (१९००) या त्याच्या कथेत एका अपमानित अधिकाऱ्याच्या मनात रात्रभर चाललेले विचार आहेत, दुसरे काही नाही. लष्कराच्या प्रतिष्ठेला धक्का लागला म्हणून श्निट्झलरचा राखीव अधिकाऱ्याचा हुद्दा काढून घेण्यात आला. पुढे फ्रॉइडनेच त्याला पत्रातून कळवले, की आपलेच प्रतिरूप समोर येईल या भीतीने आपण त्याची भेट टाळत आलो.

थॉमस मानने 'बुडेनब्रोक्स' (१९०१) मध्ये एका व्यापारी घराण्याची चार पिढ्यांची उतरण रंगवली. कलेची ओढ वाढते तसा व्यवहार सुटत जातो, ही त्याची आयुष्यभराची चिंता. तिच्यामागे तत्त्वज्ञ शोपेनहाउअर आणि संगीतकार वाग्नर उभे आहेत. कवी रिल्केने पॅरिसमध्ये शिल्पकार रोदँच्या सहवासात वस्तूकडे निरखून पाहण्याची शिस्त मिळवली.

वडील आणि मुलगा यांच्यातला संघर्ष हा या काळाचा सर्वांत तीव्र विषय. सम्राट, शिक्षक, मालक या साऱ्या सत्ता वडिलांच्या रूपात एकवटल्या. हाझेनक्लेफरच्या 'मुलगा' (१९१४) या नाटकात हे बंड उघड आहे. काफ्काने १९१२ मध्ये एका रात्रीत लिहिलेल्या 'निवाडा' या कथेत मात्र बाप मुलाला बुडून मरण्याची शिक्षा फर्मावतो आणि मुलगा ती निमूटपणे अमलात आणतो. लिहिताना फ्रॉइड आठवत होता, अशी नोंद काफ्काच्या डायरीत आहे. तरीही त्याचे गद्य घडवण्यात प्रागमधल्या कामगार अपघात विमा संस्थेतल्या नोकरीचा वाटा कमी नसावा. अशक्य गोष्टही तो अहवालाच्या कोरड्या, नेमक्या भाषेत मांडतो, आणि म्हणूनच ती अंगावर येते.

बर्लिनमध्ये हेर्वार्ट वाल्डेनचे 'श्टुर्म' (१९१०) आणि फ्रान्झ फेम्फर्टचे 'आक्त्सिओन' (१९११) या नियतकालिकांभोवती बाह्य वास्तवापेक्षा आतली तीव्र भावना मांडणारे अभिव्यक्तिवादी कवी जमले. शतकाच्या उंबरठ्यावरच वीस लाखांच्या घरात पोचलेले हे शहर त्यांना भुरळही घाली आणि गिळूही पाही. डॉक्टर असलेल्या गॉटफ्रीड बेनने शवागारातली प्रेते कवितेत आणली. गेओर्ग हाइमने 'युद्ध' ही कविता १९११ मध्येच लिहिली. १९१२ च्या जानेवारीत हाफेल नदीवरचा बर्फ फुटून तो मित्रासह बुडाला. युद्ध त्याने पाहिलेच नाही.

युद्धाने ही पिढी कापून काढली. कवी श्टाडलर १९१४ मध्ये पडला, कवी श्ट्राम १९१५ मध्ये. औषधशास्त्र शिकलेल्या कवी गेओर्ग ट्राकलवर ग्रोडेकच्या लढाईनंतर औषधांविना सुमारे नव्वद जखमींची जबाबदारी पडली. काही आठवड्यांत क्राकोच्या लष्करी रुग्णालयात कोकेनच्या अतिमात्रेने तो गेला. युद्धानंतर अभिव्यक्तिवाद्यांचा आवेश ओसरला. वाक्ये शांत, वस्तुनिष्ठ झाली. १९२९ मध्ये रेमार्कची युद्धकादंबरी आणि जाहिराती, बातम्या, बोलीभाषा यांच्या तुकड्यांतून महानगर उभे करणारी ड्योब्लिनची 'बर्लिन आलेक्झांडरप्लाट्झ' आली. १० मे १९३३ रोजी नाझींच्या पुस्तकदहनात दोघांचीही पुस्तके जाळली गेली.

कुर्ट पिंथुसने १९१९ मध्ये अभिव्यक्तिवादी कवितांचे गाजलेले संकलन केले होते. त्यातल्या तेवीस कवींपैकी बेनने १९३३ मध्ये काही काळ नाझींची बाजू घेतली, योहानेस बेखर पुढे पूर्व जर्मनीचा सांस्कृतिक मंत्री झाला, आणि ज्याच्या कवितेने ते संकलन उघडते त्या याकोब फान होडिसला नाझींनी १९४२ मध्ये मनोरुग्णालयातून नेऊन ठार केले.