एक पौंड शिसे, अठ्ठावीस गोळ्या

‘बारा बोअर’ हा शब्द मराठीत चांगला रुळलेला आहे. शेतीच्या राखणीसाठी परवाना काढलेल्या घरांत तर तो रोजचाच. यातला बारा हा आकडा आला वजनकाट्यावरून. एक पौंड, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम शिशाच्या सारख्या बारा गोळ्या ओतायच्या. त्यातली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती नळी बारा बोअरची. तोफाही गोळ्याच्या वजनावरूनच ओळखल्या जात, त्याच काळातली ही मोजणी. म्हणून आकडा वाढतो तशी नळी बारीक होत जाते. बाराची नळी १८.५ मिलिमीटर, सोळाची १६.८, विसाची १५.६ आणि अठ्ठाविसाची १४.

या घराण्यात एकच परका. ४१० हा गोळ्यांचा हिशेब नाही, तर इंचाच्या हजारांशात मोजलेला नळीचा व्यास आहे. जुन्या रीतीने मोजले तर ती सुमारे सदुसष्ट बोअरची ठरेल. ब्रिटनमध्ये १९व्या शतकाच्या उत्तरार्धात ही चिमुकली बंदूक बागेतल्या उपद्रवी प्राण्यांसाठी आणि शिकाऊ पोरांसाठी वापरात आली.

१८३०च्या दशकात पॅरिसच्या काझिमीर लफोशो यांनी मोडून मागून काडतूस भरण्याची बंदूक केली. १८५१च्या लंडनच्या प्रदर्शनात इंग्रज कारागिरांनी ती पाहिली आणि ठासणीची बंदूक हळूहळू मागे पडली. पुढे किती छऱ्यांना किती वजनाची बंदूक हवी, याचा ठोकताळा बर्मिंगहॅमच्या डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर यांनी घालून दिला : बंदूक छऱ्यांच्या वजनाच्या ९६ पट असावी. अठ्ठाविसाच्या काडतुसात साधारण २१ ग्रॅम छरे असतात. म्हणजे दोन किलोंची बंदूक पुरते. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत बॉबव्हाइट या लावा पक्ष्यामागे शिकारी कुत्र्यांबरोबर दिवसभर चालायचे असते. तिथे हातातला हा हलकेपणा फार मोलाचा. पक्षी कुत्र्यापुढून अचानक उडतो, जवळ असतो आणि अंगाने लहान असतो. त्याला बाराचा मारा लागतच नाही.

बारीक नळ्यांना खरा हात दिला तो मात्र एका खेळाने. मॅसॅच्युसेट्समधल्या अँडोव्हर इथे चार्ल्स डेव्हिस आणि त्यांचे सोबती १९२०च्या सुमारास शिकारीच्या सरावासाठी मातीच्या तबकड्या गोल फिरत टिपू लागले. शेजारी कोंबड्यांचे फार्म निघाले आणि त्या दिशेला गोळ्या झाडणे अशक्य झाले. तेव्हा वर्तुळ अर्धे करून समोरून तबकड्या फेकणारे दुसरे यंत्र बसवले गेले. १९२६ साली एका मासिकाने या खेळाला नाव सुचवण्याची स्पर्धा लावली. त्यातून ‘स्कीट’ हे नाव मिळाले. पुढे स्कीटमध्ये बारा, वीस, अठ्ठावीस आणि ४१० अशा चार वेगळ्या स्पर्धा ठरल्या. विंचेस्टरने १९३३मध्ये खास ४१०साठी मॉडेल ४२ ही पंप बंदूक आणली आणि १९६३पर्यंत ती बनवली. सोळाला मात्र या खेळात जागा मिळाली नाही. शिकारीसाठी इतकी उत्तम बंदूक, पण काडतुसांचा खप आटत गेला. माझ्या मते या घराण्यावर झालेला हा सर्वांत मोठा अन्याय.

जुन्या बंदुका जमवणारा माणूस दस्त्यावरचे नक्षीकाम मागाहून पाहतो. आधी नळ्या सोडवून त्यांचा तळाकडचा सपाट भाग उजेडात धरतो. ब्रिटिश बंदुकीवर तिथे लंडनच्या किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचे ठसे असतात, बोअरचा आकडा असतो. नळी किती दाबाला तपासली गेली तेही त्यातून कळते. अमेरिकेतल्या जुन्या सोळांचे चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसण्याची जागा, ६५ मिलिमीटरचे. आजची काडतुसे ७० मिलिमीटरची. तोंड दुमडलेले असल्याने नवे काडतूस जुन्या चेंबरात सहज बसते. फसगत होते ती इथेच. बार उडताच तोंड उलगडते, पुढच्या अरुंद भागात घुसते आणि दाब वाढतो. विसाचे काडतूस पिवळ्या रंगाचे ठेवतात तेही असेच एक संकट टाळण्यासाठी : ते चुकून बाराच्या नळीत गेले तर पुढे सरकून अडकते, मागे बाराचे काडतूस बसते आणि नळी फुटते.

१९९१पासून अमेरिकेत पाणपक्ष्यांवर शिशाचे छरे वापरायला बंदी आहे. पोलादी छरे जुन्या मऊ नळ्या ओरबाडतात. म्हणून अशा बंदुकांसाठी बिस्मथचे छरे वापरतात. ते महाग पडतात. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्याने हौसेच्या शिकारीचा प्रश्नच मिटवला आहे. तरी आजोबांची एखादी दुनळी वारशाने आली असेल, तर आधी परवान्याचे कागद नीट करा आणि जाणकार कारागिराकडून चेंबर मोजून घेतल्याशिवाय तिच्यात काडतूस घालू नका.