जड मोटरसायकलची हाताळणी : टायर व सस्पेन्शन

येथे सुमारे २०० किग्रॅ. आणि त्याहून अधिक वजनाच्या मोटरसायकलींचा विचार केला आहे. अशी गाडी वळते, थांबते, सरळ चालते ती टायर रस्त्याला टेकतो त्या तळहाताएवढ्या दोन जागांच्या आधारावर. या जागा रस्त्यापासून सुटू न देणे हे सस्पेन्शनचे पहिले काम. स्वाराचा आराम दुय्यम.

टायर : मोटरसायकल झुकून वळते, आणि वळणासाठी लागणारे बाजूचे बळ मुख्यतः टायरच्या झुकण्यातूनच मिळते. म्हणून टायरची गोलाई फार मोलाची. हमरस्त्यावर सरळ धावून मधोमध सपाट झालेला टायर वळणात आधी अडतो आणि मग गाडी एकदम आत टाकतो. दोष मात्र बहुधा चासीला दिला जातो. मागचा टायर रुंद असेल, तर झुकल्यावर टेकण्याची जागा मधल्या रेषेपासून दूर सरकते आणि तेच वळण त्याच वेगाने घेण्यासाठी गाडी जास्त झुकवावी लागते. दिसायला भारदस्त म्हणून मूळ मापाहून रुंद टायर घालणे त्यामुळे घातकच. पुढच्या चाकात हवा कमी असली की हॅन्डल जड होते. रेडियल टायर १९८० च्या दशकात मोठ्या गाड्यांवर आले. जड क्रूझरवर जुन्या रचनेचे क्रॉसप्लाय टायर अजून आढळतात.

सस्पेन्शन : तेलाने दमन होणारा टेलिस्कोपिक फोर्क उत्पादनातील गाडीवर प्रथम आणला तो बीएमडब्ल्यूने, आर १२ वर, १९३५ मध्ये. त्याची उणीव ब्रेक मारताना दिसते. स्वारासह ३०० किग्रॅ. वजन, चाकांत १.५ मी. अंतर आणि गुरुत्वमध्याची उंची ०.६ मी. धरल्यास जोरदार ब्रेकखाली (०.८ जी) सुमारे ९६ किग्रॅ. भार मागून पुढे येतो. फोर्क दबतो, गाडी नाक खुपसते, स्टिअरिंगची भूमिती बदलते. यावर उपाय म्हणून बीएमडब्ल्यूने १९९३ मध्ये ब्रेकचा भार वेगळ्या भुजेवर घेणारा टेलिलिव्हर आणला, होंडाने २०१८ च्या गोल्डविंगला डबल विशबोन दिले. तरीही पुढच्या चाकाचा अंदाज हाताला फोर्कमधूनच अधिक चांगला येतो, असे काही जाणकार मानतात.

मागच्या शॉकअपचा प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) वाढवल्याने स्प्रिंग कडक होते हा समज चुकीचा आहे. बदलते ती गाडीची उंची. डबलसीट व सामान असताना प्रीलोड न वाढवल्यास मागचा भाग बसतो, पुढचे चाक हलके होते आणि वेगात गाडी लोळू लागते.

अस्थिरता : अभियंते रॉबिन शार्प यांच्या १९७१ च्या गणिती विश्लेषणापासून दोन प्रकार वेगळे मानले जातात. ‘वीव्ह’मध्ये सबंध गाडी सेकंदाला साधारण २ ते ४ वेळा नागमोडी डोलते, ‘वॉबल’मध्ये केवळ हॅन्डल त्याहून जलद थरथरते. झिजलेला टायर, कमी हवा, ढिले बेअरिंग आणि निकामी शॉकअप यांनी दोन्ही बळावतात.

रॉयल एनफील्ड बुलेट : भारतीय वाचकाच्या सर्वाधिक परिचयाचे उदाहरण. १९४० च्या दशकात ब्रिटिश ट्रायल्स स्पर्धांत मागचे चाक चासीला पक्के असावे, त्यानेच पकड मिळते, असे मानले जाई. एनफील्डने १९४८ मध्ये स्विंगआर्म आणि शॉकअप असलेली बुलेट स्पर्धेत उतरवली. त्याच वर्षी इटलीत सॅन रेमो येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय सहा दिवसीय चाचणीत ती विजेत्या ब्रिटिश संघात होती. खडबडीत जमिनीवर हलणारे चाकच टेकून राहते, हे यातून पटले. १९५५ पासून मद्रासशी जोडलेली ही गाडी भारतात दीर्घकाळ पुढे-मागे सारख्याच ३.२५-१९ मापाच्या अरुंद टायरवर चालली. स्टिअरिंग संथ, पण खड्ड्यांत भरवशाचे. २०२१ च्या १९५ किग्रॅ. वजनाच्या क्लासिक ३५० ला पुढे १००/९०-१९ व मागे १२०/८०-१८ टायर आहेत.

साइडकार : जोडलेली गाडी झुकत नाही, तिला वरील टायरविषयक नियम लागू नाहीत.