वाटसरू, विद्यार्थी, बालक : गुलमंडी परिसरातील आसऱ्याचा इतिहास

घर सोडून शहरात आलेल्या किशोरवयीन मुलाला केवळ त्याच्या वयामुळे आसऱ्याचा हक्क पोहोचतो, ही कल्पना औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, फार उशिरा रुजली; त्यापूर्वी असा मुलगा वाटसरू, चेला, विद्यार्थी किंवा गुलमंडीसारख्या बाजारपेठेत दुकानातला पोऱ्या म्हणून सामावला जाई आणि त्याच्या पोटाची व निजण्याची सोय त्या त्या नात्यावर अवलंबून असे.

मलिक अंबरने 1610 च्या सुमारास वसवलेल्या या शहरातील आसऱ्याचे सर्वांत ठळक जुने उदाहरण म्हणजे महमूद दरवाजाजवळचा बाबा शाह मुसाफिर या नक्शबंदी सूफींचा तकिया, अर्थात फकिरांचा मठ. मध्य आशियातून दख्खनेत येणारे प्रवासी आणि दरवेशी येथे उतरत. दूरच्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून आणून, भिंतीत उंच चढवून ते खाली सोडावयाचे आणि त्याच्या माऱ्याने जात्याची तळी फिरवावयाची, अशी पाणचक्की 18 व्या शतकात तेथे उभी राहिली, आणि तिच्यावर तकियातील माणसांसाठी धान्य दळले जाई. अन्नदानासाठी एवढा यांत्रिक खटाटोप करणारी संस्था विरळाच. मात्र तिच्या लेखी तरुण हा निराळा वर्ग नव्हता.

मराठी समाजात शिक्षणासाठी घर सोडलेल्या मुलांना माधुकरी आणि वार यांचा आधार होता. माधुकरी म्हणजे घरोघरी जाऊन शिजलेले अन्न मागणे आणि वार लावणे म्हणजे आठवड्यातील एकेका दिवसाचे जेवण एकेका घरी ठरवून घेणे. एखादा वार रिकामा राहिला, तर त्या दिवशी उपास ठरलेला. या व्यवस्थेच्या मोठेपणाचे गोडवे पुष्कळ गायिले गेले आहेत, परंतु ती प्रामुख्याने ब्राह्मण मुलांपुरती होती, हे विसरून चालत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 मध्ये औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले, पुढे त्याच्या नागसेनवन या परिसरात वसतिगृहे उभी राहिली, आणि ज्यांना कोणाच्याही ओसरीवर वार मिळाला नसता, त्या मुलांना हक्काचे ताट व खोली मिळाली.

ब्रिटिश मुंबईत कायद्याची वाट वेगळी होती. तेथे 1857 मध्ये डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा निघाली आणि 1924 च्या मुंबई बालक कायद्याने निराधार मुलाला न्यायालयाच्या कक्षेत आणले. आसऱ्याबरोबर कुलूपही आले. औरंगाबाद निजामाच्या हैदराबाद राज्यात असल्याने तो कायदा येथे लागू नव्हता. 1948 च्या पोलीस कारवाईने ते राज्य भारतात विलीन झाल्यानंतर 1951 मध्ये हैदराबाद राज्याचा स्वतंत्र बालक कायदा झाला आणि 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला.

सध्याच्या 2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार 18 वर्षांखालील निराधार मुलाला, प्रवासाचा वेळ वगळून, 24 तासांत बालकल्याण समितीपुढे हजर करावे लागते, आणि तात्पुरत्या मुक्कामासाठी खुल्या निवारागृहाची तरतूद आहे. परंतु 2016 च्या दुरुस्तीनंतरही बालकामगार कायदा 14 वर्षे पूर्ण केलेल्याला धोकादायक नसलेल्या कामास मुभा देतो. त्यामुळे गुलमंडीतील कापडाच्या दुकानात राबणारा पंधरा वर्षांचा बेघर मुलगा एका कायद्याने कामगार ठरतो, तर दुसऱ्याने संरक्षणाची गरज असलेला बालक.