काऊटेल म्हणजे काय? दोरावर जीव सांभाळणारी दोन 'शेपटं'

खोल, उभ्या गुहेत एकाच दोरावरून चढ-उतार करणारे कमरेच्या हार्नेसला दोराचे दोन तुकडे बांधतात, एक आखूड आणि एक लांब. टोकाला कॅराबिनर, म्हणजे झडपेची धातूची कडी. गायीच्या शेपटीवरून याला काऊटेल म्हणतात. दरीत उतरणाऱ्या बचाव पथकांकडेही ते असतं.

दोर कोणता? साधारण ९ ते ११ मिमी जाडीचा, ताणला जाणारा डायनॅमिक दोर. घसरल्यावरचा झटका तो पोटात घेतो. शेतातला कासरा किंवा नाडा अजिबात चालत नाही.

लांबी किती? लांब शेपटावर लटकल्यावर वरची कडी हाताला आली पाहिजे. नाहीतर माणूस तिथंच अडकून पडतो.

वापर कसा? आधी नव्या जागी अडकवा, वजन टाकून बघा, मगच जुनं सोडा. अडकवलेल्या जागेच्या वर चढू नका. तिथून पडलात तर झटका फार मोठा बसतो.

दोर झिजला किंवा त्याला मोठा झटका बसला, की बदलाच. आणि हे सगळं जाणकाराकडून जमिनीवर शिकल्याशिवाय खाली उतरू नका.