उसन्या आवाजाची किंमत

अमेरिकेत तोट्यात चालणाऱ्या ‘टॉक रेडिओ’ केंद्रापुढे एक जुना पेच असतो. निवेदक, निर्माता आणि श्रोत्यांचे दूरध्वनी घेणारा सहायक यांचे वेतन सोसून शहराचे स्वतःचे कार्यक्रम चालवायचे, की उपग्रहावरून येणारा देशव्यापी ‘सिंडिकेटेड’ कार्यक्रम घ्यायचा? दुसरा मार्ग स्वस्त आहे. मात्र त्याची किंमत पुढे कशी चुकवावी लागते, हे न्यूयॉर्कच्या ‘डब्ल्यूएलआयबी’ केंद्राच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

सिंडिकेशनचा व्यवहार बहुधा वस्तुविनिमयाचा असतो. वितरक कंपनी कार्यक्रम विनामूल्य किंवा अल्प शुल्कात देते आणि त्याबदल्यात प्रत्येक तासातील काही मिनिटे स्वतःच्या जाहिरातींसाठी राखून ठेवते. उरलेली मिनिटे स्थानिक केंद्र विकते. संगीताचा श्रोता एफएमकडे वळल्यानंतर ओस पडू लागलेल्या मध्यम लहरींवरील केंद्रांना या व्यवस्थेने तगवले, हे नाकारता येणार नाही. वादग्रस्त विषयांच्या सर्व बाजू मांडण्याचे बंधन घालणारा ‘फेअरनेस डॉक्ट्रिन’ हा नियम १९८७ मध्ये रद्द झाला. पुढच्याच वर्षी, १९८८ च्या ऑगस्टमध्ये, रश लिंबॉ यांचा कार्यक्रम देशभर सुरू झाला आणि शेकडो केंद्रांची दुपार एकाच आवाजाने व्यापली.

‘डब्ल्यूएलआयबी’ची ओळख वेगळी होती. मॅनहॅटन बरोचे माजी अध्यक्ष पर्सी सटन यांच्या ‘इनर सिटी ब्रॉडकास्टिंग’ कंपनीचे हे केंद्र कृष्णवर्णीय आणि कॅरिबियन समाजाचे चर्चापीठ म्हणून नावारूपाला आले होते. ३१ मार्च २००४ रोजी उदारमतवादी विचारांच्या ‘एअर अमेरिका’ या नव्या जाळ्याचे ते मुख्य केंद्र झाले. अल फ्रँकन यांच्यासारखे निवेदक आले आणि दिवसाचा बहुतांश वेळ देशव्यापी राजकारणाने व्यापला. जुने स्थानिक कार्यक्रम मागे पडले. त्याबद्दल समाजात नाराजीही उमटली.

जाळ्याचा आर्थिक पाया प्रारंभापासूनच कच्चा होता. पैशांच्या वादातून शिकागो आणि लॉस एंजेलिस येथील प्रक्षेपण काही आठवड्यांतच बंद पडले. २००६ मध्ये ‘एअर अमेरिका’ने ‘डब्ल्यूएलआयबी’ सोडून दुसऱ्या केंद्राचा आश्रय घेतला. त्याच वर्षी तिने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि जानेवारी २०१० मध्ये ती कायमची बंद झाली. इकडे ‘डब्ल्यूएलआयबी’ने ‘गॉस्पेल’ या ख्रिस्ती भक्तिसंगीताची वाट धरली. चर्चापीठ म्हणून असलेले जुने स्थान त्याला पुन्हा लाभले नाही.

स्थानिक माणूस केंद्रात नसेल तर काय घडू शकते, याची चर्चा नॉर्थ डकोटातील मायनॉट शहराच्या दुर्घटनेनेही घडवली. १८ जानेवारी २००२ च्या मध्यरात्रीनंतर तेथे मालगाडी घसरून अमोनिया वायूची गळती झाली आणि एकाचा मृत्यू झाला. शहरातील सहा व्यावसायिक केंद्रे ‘क्लिअर चॅनेल’ या एकाच कंपनीच्या ताब्यात होती. पोलिसांच्या दूरध्वनींना वेळेत प्रतिसाद मिळाला नाही, अशी टीका झाली. पोलिसांनी आपत्कालीन सूचना यंत्रणा योग्य रीतीने वापरली नाही, असा कंपनीचा प्रतिवाद होता.

सिंडिकेशनचे यश स्वतः स्थानिक रेडिओवरच उभे आहे. लिंबॉ देशभर पोहोचले, ते सॅक्रामेंटोच्या एका केंद्रावर जम बसवल्यानंतर. गावोगावचे कार्यक्रम बंद होतात तेव्हा उद्याचे निवेदक घडवणारी शाळाही बंद होते. शिवाय वॉशिंग्टनमधील वाद कोणत्याही केंद्रावर ऐकता येतो. शाळा मंडळाची निवडणूक, पाणीपट्टीची वाढ किंवा पोलिसांविषयीची तक्रार मात्र शहराच्या केंद्रावरच मांडता येते. उसना कार्यक्रम आजचा खर्च वाचवतो. परंतु तो पुरवणारे जाळे निघून गेल्यावर केंद्राजवळ उरतो तो त्याचा स्वतःचा श्रोता, आणि तो आधीच दुरावलेला असेल तर सावरण्यास फारसा आधार उरत नाही.